कल्पित कथा कीं अस्सल कागद?

जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही २००६ सालची कादंबरी इंग्लंडांतील पुष्कळ माध्यमिक शाळांत यहुद्यांच्या संहाराच्या अध्यापनांत वापरली गेली आहे. तींत नऊ वर्षांचा यहुदी मुलगा छावणीच्या तारेशीं रोज गप्पा मारतो; वस्तुतः ऑशविट्झला आणलेलीं बहुतेक यहुदी मुलें येतांक्षणींच विषारी वायूनें मारलीं गेलीं. शिवाय वाचकाचे अश्रू अखेर ढळतात ते छावणीच्या अधिकाऱ्याच्या मुलासाठीं! ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानें २०२० सालीं हें पुस्तक अध्यापनांत टाळावें असें सांगितलें, तें आम्हांस यथार्थ वाटतें. अस्सल साधनांची वाण नाहीं. वॉर्सांत रिंगेलब्लुम व त्यांचे सहकारी यांनीं पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत पुरलेलें दप्तर १९४६ व १९५० सालीं सांपडलें. जमविणारे बहुतेक मारले गेले, कागद उरले. विद्यार्थ्यांपुढें ते ठेवावे.