धमनी : नाव आणि व्याख्या

‘शुद्ध रक्त वाहून नेते ती धमनी’ ही व्याख्या विद्यार्थी घडाघडा म्हणतात. आम्हांला ती खटकते. फुप्फुस-धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, तरी ती धमनीच. शिवाय ऑक्सिजन कमी झाला म्हणून रक्त काही ‘अशुद्ध’ होत नाही.

मग हे नाव आले कुठून? संस्कृतात ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे. धमनी म्हणजे मुळात फुंकायची नळी. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्दही श्वासनलिकेसाठी वापरीत. मृत्यूनंतर धमन्यांतले बरेच रक्त शिरांत सरकते, त्यामुळे प्रेतातली धमनी रिकामी दिसते. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इरासिस्ट्रॅटसने तीत वायू असतो असे मानले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये चिरली. आत रक्तच होते!

नावातली ही जुनी चूक आज कोणाची दिशाभूल करीत नाही. व्याख्येतली मात्र रोज करते. तेव्हा रक्ताच्या ‘शुद्धते’वरून नव्हे, दिशेवरून शिकवू या : हृदयाकडून रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.