‘वस्तू दिसते कशी?’ : बरोबर उत्तर, पण समजलंय का?

‘वस्तूवर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून वस्तू दिसते.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी परीक्षेत लिहिलंय. वाक्य बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो हे वाक्य शिकवण्याच्या क्रमावर आणि ते तपासणाऱ्या प्रश्नावर.

माझ्या पायलट स्टडीमध्ये सातवीच्या मुलांना मी हाच प्रश्न लेखी विचारला होता. बहुतेकांनी वरचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं लिहिलं आणि मी खूश झाले. नंतर गप्पांमध्ये एका मुलीला सहज विचारलं, ‘‘खिडकीतून भिंतीवर ऊन पडलंय ना, तो प्रकाश पुढे कुठे जातो?’’ ती म्हणाली, ‘‘कुठे नाही ताई, तिथेच आहे की. दिसतोय ना!’’ पेपरात तिला पूर्ण गुण मिळाले होते.

हे नवीन नाही. अमेरिकेत चार्ल्स अँडरसन आणि एडवर्ड स्मिथ यांनी 1983 च्या सुमारास पाचवीच्या मुलांवर काम केलं. सूर्य, झाड आणि मुलगा असं चित्र दाखवून ‘प्रकाशामुळे मुलाला झाड कसं दिसतं?’ असं विचारलं. बऱ्याच मुलांच्या मते प्रकाश झाडाला उजळवतो आणि तेवढं पुरतं. झाडापासून डोळ्यापर्यंत काही यावं लागतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. फ्रान्समध्ये एडिथ गेन यांनाही असंच दिसलं (1985 च्या ‘चिल्ड्रन्स आयडियाज इन सायन्स’मध्ये त्यांचं प्रकरण आहे, जरूर वाचा). मुलं म्हणत, आरसा प्रकाश परत पाठवतो, पण कागदावर तो तसाच राहतो.

आता आपला नेहमीचा धडा बघा. परावर्तन म्हटलं की पहिला येतो आरसा. आपाती किरण, परावर्तित किरण, स्तंभिका, दोन कोन समान. ‘अनियमित परावर्तन’ नंतर एका परिच्छेदात उरकतं, आणि नावावरून तर ते काहीतरी बिघडलेलं परावर्तन वाटतं! प्रत्यक्षात भिंत, वही, झाड, समोरच्या माणसाचा चेहरा, हे सगळं आपल्याला त्यामुळेच दिसतं. मुलांच्या डोक्यात मात्र ‘परावर्तन = आरसा’ पक्कं बसतं. मग भिंतही प्रकाश परत पाठवते, हे पटायचं कसं?

खरं तर ‘वस्तू दिसते कशी’ यासाठी आरसा हे सगळ्यात वाईट उदाहरण आहे. करून बघा. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कागदावर छोटा आरसा ठेवा आणि टॉर्च तिरका मारा. बाजूला बसलेल्यांना कागद लख्ख दिसतो आणि आरसा काळा! आरशाने जवळजवळ सगळा प्रकाश एकाच दिशेला पाठवला, तो त्यांच्या डोळ्यांत आलाच नाही. कागदाने चहूकडे पाठवला, म्हणून तो प्रत्येक बाकावरून दिसतो. दुसरा प्रयोग : लाल कार्डशीटवर टॉर्च मारा आणि शेजारी पांढरा कागद उभा धरा. त्यावर लालसर छटा येते. ‘प्रकाश तिथेच राहतो’ म्हणणाऱ्याला आता विचार करावाच लागतो.

काहीजण दोष भाषेला देतात. आपण ‘नजर टाकतो’, ‘नजर फिरवतो’, म्हणून मुलांना डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं असं वाटतं, असा हा युक्तिवाद. कल्पना जुनी आहे हे खरं. युक्लिडचे दृष्टिकिरण डोळ्यातून निघायचे, न्यायदर्शनातही नेत्ररश्मी वस्तूपर्यंत जातात. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने ती खोडून काढली. त्याचा एक मुद्दा साधाच होता : प्रखर प्रकाशाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. पण वाक्प्रचारावर सगळं ढकलणं मला पटत नाही. ‘सूर्य उगवला’ आपणही रोज म्हणतो, त्याने आपला पृथ्वीच्या फिरण्यावरचा विश्वास उडत नाही. शिवाय माझ्या त्या मुलीच्या उत्तरात नजर कुठेच नव्हती. तिची अडचण भिंतीवरच्या प्रकाशाची होती.

प्रयोग केले की सगळं सुटतं, असंही नाही. अंधाऱ्या खोलीत सवयीने थोडं दिसू लागतं हा मुलांचा खरा अनुभव आहे, कारण आपली खोली कधी पूर्ण अंधारी नसतेच. एका तासात तो अनुभव पुसला जाणार नाही.

पीएच.डी.चं प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी यात एक गोष्ट आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातलं वाक्य पाठ करून देता येत असेल, तर तुम्ही समज मोजत नाही, पाठांतर मोजताय. मी माझी प्रश्नावली बदलली. आता पहिलाच प्रश्न आहे : ‘भिंतीवर पडलेला प्रकाश पुढे कुठे जातो?’ उत्तरं पहिल्यासारखी सुबक येत नाहीत, कोडिंग करताना डोकं दुखतं. पण मुलं काय विचार करतायत, ते निदान दिसतंय.