अक्षर तपासून वाचणारी दोन पुस्तके

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर गुरुचरित्राची पारायणे वर्षभर चालतात. सरस्वती गंगाधरांचा हा ग्रंथ छापखाना येईपर्यंत हाताने उतरवला जात होता. त्याच्या काही प्रतींत ५२ अध्याय मिळतात, काहींत ५३. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हाच गुंता एकनाथांपुढे होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ग्रंथ शुद्ध केला, अपपाठ काढले आणि यापुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मूळ पाठ कोणता, भर कोणी घातली, कधी घातली, हे प्रश्न मराठी वाचकाला पूर्वापार ठाऊक आहेत. आज तेच प्रश्न संगणकाच्या कोडला विचारावे लागतात. ते कसे विचारायचे हे दोन पुस्तकांनी मला फार सुंदर शिकवले: स्कॉट चॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचे ‘प्रो गिट’, आणि मायकेल सिकोर्स्की व अँड्र्यू होनिग यांचे ‘प्रॅक्टिकल मालवेअर ॲनालिसिस’.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले; कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हे साधन. ‘प्रो गिट’ची पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी २०१४ ची. दुसऱ्या आवृत्तीतली पहिली नऊ प्रकरणे वापराची आहेत. पुस्तकाचा प्राण मात्र दहाव्या प्रकरणात आहे. तिथे लेखक एक रिकामी रिपॉझिटरी, म्हणजे नोंदींचा साठा, घेतात आणि तिच्यात दोन साधे शब्द टाकतात. गिट उत्तरादाखल ४० अक्षरांची एक खूण देते. तिची सुरुवात ‘डी ६७०’ अशी होते. तेच दोन शब्द वाडीत टाका नाहीतर टोकियोत, खूण तीच येणार; एक अक्षर बदला, की सगळी खूण बदलते.

इथून लेखक एकेक पायरी चढतात. मजकूर साठवणाऱ्या वस्तूला स्वतःचे नावही माहीत नसते. नाव ठेवते ती ‘ट्री’. आणि कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला हे सांगतो तो ‘कमिट’, ज्याच्या पोटात आधीच्या कमिटची खूण असते. त्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केला, तर तिच्यापुढच्या प्रत्येक नोंदीची खूण बदलते आणि लबाडी उघडी पडते. लेखक हे सिद्धान्त म्हणून सांगत नाहीत. ते वाचकाच्या हातून हाताने कमिट घडवून घेतात, आणि नऊ प्रकरणे ज्या आज्ञा आपण नुसत्या पाठ केल्या, त्यांच्या आत काय चालले होते ते एकदम लख्ख दिसते. हे प्रकरण हवे तर आधी वाचा, हवे तर शेवटी, अशी मोकळीकही ते देतात. वाचकावर इतका विश्वास टाकणारे पाठ्यपुस्तक विरळाच.

दोन वेगळ्या मजकुरांची खूण योगायोगाने सारखी येईल का, या शंकेला दिलेले उत्तर तर मुळातूनच वाचावे. त्यापेक्षा तुमच्या चमूतल्या सगळ्यांना एकाच रात्री, एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांत लांडग्यांनी मारण्याची शक्यता अधिक, असे ते म्हणतात. पण २०१७ च्या फेब्रुवारीत संशोधकांनी मुद्दाम, प्रचंड गणनशक्ती खर्चून, एकाच खुणेच्या दोन फाइली बनवून दाखवल्या. योगायोग वेगळा, कट वेगळा. कटाचा विचार करायला दुसरे पुस्तक लागते.

२०१२ साली आलेल्या ‘प्रॅक्टिकल मालवेअर ॲनालिसिस’चा विषय म्हणजे आपला हेतू लपवणारा कोड. त्याचा क्रम शिस्तीचा आहे: आधी फाइल न चालवता बघा; मग बंदिस्त व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा; मग तिच्या सूचना एकेक करून उलगडा. पहिल्याच सरावात फाइलमधल्या अक्षरमाळा काढायच्या असतात. त्या यादीत विंडोजच्या ‘कर्नेल ३२’ या फाइलचे नाव पुन्हा पुन्हा दिसते. डोळा सहज पुढे सरकतो. थांबून पाहिले तर काही जागी नावातल्या ‘एल’ अक्षराऐवजी ‘एक’ हा आकडा बसलेला असतो. ही एक रेघ म्हणजे सगळा घात. सातव्या प्रकरणात हीच युक्ती पुन्हा भेटते. तोवर वाचक तयार झालेला असतो, आणि तो प्रोग्राम इतर प्रोग्रामांना खऱ्या फाइलवरून खोट्या फाइलकडे कसा वळवतो, हे त्याला सूचनेगणिक वाचता येते.

लेखकांची जबाबदारीची जाणीवही त्याच सरावात दिसते. यंत्राचा नाश होईल अशा अर्थाचा इशारा स्वतः टाइप केल्याशिवाय तो प्रोग्राम काम करत नाही. विष कसे ओळखावे हे शिकवताना विद्यार्थ्याला विषबाधा होऊ नये, याची ही काळजी आहे. उत्तरे परिशिष्टात दोनदा येतात, आधी थोडक्यात, मग सविस्तर. पुस्तकातली काही साधने आता जुनी झाली, सरावही बहुतेक ३२ बिटांच्या विंडोजचे. पाहण्याची शिस्त मात्र कायम आहे.

ही विद्या आपल्या दाराशी येऊन ठेपलेली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे काढले गेले, आणि त्यातली काही रक्कम कोल्हापुरातल्या एटीएममधूनही गेली.

दोन्ही पुस्तके एकमेकांशेजारी का ठेवायची, ते २०२४ च्या मार्चमध्ये कळले. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात जिया तान या नावाने वावरणाऱ्या मेंटेनरने दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला. कोडचा विषारी भाग चाचणीच्या फाइली म्हणून इतिहासात उघड नोंदला होता. तो जागा करणारी ओळ मात्र वितरणाच्या गठ्ठ्यात होती, रिपॉझिटरीत नव्हती. लॉगिनला अर्धा सेकंद जादा का लागतो, या एका शंकेचा पाठपुरावा करत आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने तो चोरदरवाजा पकडला. कोणी काय घातले हे गिट इमानाने सांगते. का घातले, हे वाचणाऱ्यालाच शोधावे लागते.

‘प्रो गिट’ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. बिगरव्यापारी भाषांतराला मोकळीक आहे. कोल्हापूर-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी निदान दहावे प्रकरण मराठीत आणावे. कोडवर विसंबून जगणाऱ्या समाजाला तो तपासून वाचणारी माणसेही स्वतःच घडवावी लागतात, आणि ती आपल्या भाषेत विचार करत घडली तर अधिक पक्की घडतील.