मेल, थाट आणि ‘जनक’ ही संज्ञा

कर्नाटक संगीतातील मेलव्यवस्थेचा मराठी वाचकास परिचय झाला तो प्रामुख्याने पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनामुळे. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तील बहात्तर मेलांची कल्पना त्यांच्या दशथाटपद्धतीला आधारभूत झाली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या गुरुशिष्यसंवादरूप मराठी ग्रंथात तिचा विस्तार आहे. तिच्यावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले. बहुतेकांचा रोख दहा ही संख्या अपुरी असण्यावर आहे. तो आक्षेप खरा, पण गौण होय. मूळ अडचण ‘जनक’ आणि ‘जन्य’ या नात्याच्या शब्दांत आहे.

व्यंकटमखीचे गणित निर्दोष आहे. षड्ज व पंचम अचल, ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्या, धैवत-निषादांच्या सहा, मध्यम दोन : ६ × ६ × २ = ७२. त्यातील खुबी अशी की, बारा स्वरस्थानांना येथे सोळा नावे आहेत. चतुःश्रुती ऋषभ व शुद्ध गांधार यांचे स्थान एकच. त्याला कोणते नाव द्यावयाचे हे जोडीच्या स्वरावरून ठरते. ध्वनी एक, व्यवस्थेतील पद निराळे : वर्णविचाराच्या अभ्यासकास ही दृष्टी परकी वाटू नये. तथापि हे कोष्टक संभाव्य स्वरसमूहांचे आहे. खुद्द व्यंकटमखीने त्यांतील एकोणीसच मेल प्रचारातील म्हणून वर्णिले. उरलेल्या त्रेपन्नांना त्या वेळी अपत्येच नव्हती. त्यांना जनक कशाच्या बळावर म्हणावे?

शब्दांचा इतिहासही याच दिशेने जातो. रामामात्याच्या ‘स्वरमेलकलानिधी’त (१५५०) शुद्धमेलवीणा, मध्यमेलवीणा अशी नावे येतात, तेथे मेलाचा संबंध वाद्याच्या जुळणीशी आहे. सतारीवर ‘थाट’ म्हणजे पडद्यांची मांडणी. मराठीत तंबोरा मिळवितात आणि दुकान थाटतात. दोन्ही शब्दांत जुळवाजुळव आहे. जन्माचा अर्थ कोठेही नाही. रांगोळीसाठी ख्यात असलेल्या वसईजवळच्या जूचंद्रातही ठिपक्यांना आकृतीचे जनक म्हणण्याचे कोणाच्या मनात येणार नाही.

या संज्ञेची खरी कसोटी भूप आणि देशकार यांच्यापाशी लागते. दोहोंत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. कल्याण आणि बिलावल या थाटांत भेद केवळ मध्यमाचा, आणि तो स्वर या दोन्ही रागांत वर्ज्य. तरीही भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात घातला जातो. याच स्वरांचा कर्नाटकी मोहनम् तर अठ्ठाविसाव्या, म्हणजे हरिकांभोजी मेलाचा जन्य मानतात. त्या मेलाचा निषाद कोमल, तोही मोहनम् मध्ये येत नाही. एकाच स्वरसमूहाला तीन पिते, आणि प्रत्येकाची ओळख ज्या स्वराने पटावी तो अपत्यात नाही! उलट मारवा, पूरिया, सोहनी हे एकाच थाटातले, त्याच सहा स्वरांचे राग. त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याच्या कामी थाटाचा काडीइतकाही उपयोग नाही.

मग भूप कल्याणात कशावरून? चलनावरून. भूपात गांधार वादी, देशकारात धैवत; एकाचा ओढा पूर्वांगाकडे, दुसऱ्याचा उत्तरांगाकडे. अर्थात रागाचे चलन आधी ठरते आणि थाट त्यामागून येतो. भातखंडे यांच्या रागवर्णनांतून हा क्रम वारंवार दिसतो, आणि त्यांच्या ग्रंथाचे स्थायी मूल्य त्या वर्णनांतच आहे. वर्णमालेच्या यादीतून वाक्यरचना निघत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. भातखंडेही रागविवेचनात त्या भ्रमात नव्हते. भ्रम पसरला तो परीक्षांच्या पुस्तकांतून, जेथे ‘थाट’ हा रकाना सर्वांत वर छापला जातो.

त्या रकान्यात मधुवंतीपुढे ‘तोडी’ असे लिहिलेले आढळते. मधुवंतीत रिषभ आणि धैवत दोन्ही शुद्ध, तोडी थाटात दोन्ही कोमल. बहात्तरांच्या कोष्टकात तिचे स्वर एकोणसाठाव्या, धर्मवती मेलाशी तंतोतंत जुळतात. आणि तेथेही ‘मधुवंतीचे स्वर येथे सापडतात’ एवढेच म्हणणे युक्त ठरेल.