पथनाट्य आणि समीक्षेचे मौन

दिल्लीच्या सीमेला लागून असलेल्या साहिबाबादजवळील झंडापूर या कामगारवस्तीत १ जानेवारी १९८९ रोजी ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू असता ‘जन नाट्य मंचा’वर हल्ला झाला. त्यात रामबहादूर हा कामगार प्राणास मुकला, आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी यांचे निधन झाले. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परतले व त्यांनी अपुरा राहिलेला प्रयोग पुरा केला. या धैर्याला सर्वांनी वंदन केले, ते योग्यच होय. परंतु त्या वंदनात एक हानीही झाली. ज्या नाट्यासाठी हे बलिदान घडले, त्याचे नाट्य म्हणून परीक्षण करणे जणू अनुचित ठरले. एका पक्षाने त्याला हौतात्म्याचा अवशेष मानले, दुसऱ्याने केवळ प्रचार. परीक्षण मात्र कोणीच केले नाही.

वस्तुतः १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीचे पहिले पथनाट्य ‘मशीन’ (१९७८) परीक्षणास पूर्णपणे पात्र आहे. गाझियाबादच्या एका कारखान्यातील कामगारांच्या मागण्या अगदी साध्या होत्या : सायकली ठेवण्यास जागा आणि चहापाण्याची सोय. त्यासाठी झालेल्या संघर्षात गोळीबार होऊन कामगार मृत्युमुखी पडले. या घटनेतून अवघे सुमारे १३ मिनिटांचे नाट्य सिद्ध झाले. त्यात नेपथ्य नाही. नटांच्या देहांचेच यंत्र होते, त्यांच्या मुखातून त्याचा आवाज निघतो, आणि एका क्षणी ते यंत्र थांबते. नोव्हेंबर १९७८ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये सुमारे ७,००० कामगारांपुढे त्याचा प्रयोग झाला.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम सांगितले. प्रचाराशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही, असे हे नियम ‘मशीन’ला लावून पाहावेत. यंत्राच्या एकसुरी आवाजात संवादलय आहे. ते थांबताच पसरणाऱ्या शांततेत विरोधलय आहे. ती शांतता कामगाराच्या शक्तीविषयी जे सांगते, ते कोणत्याही भाषणाला सांगता आले नसते. येथे आशय रूपाला चिकटवलेला नाही, तो रूपातूनच प्रकटला आहे. कलावाद आणि जीवनवाद यांचा मराठीतील जुना तंटा या एका क्षणापुरता तरी निरर्थक ठरतो.

उणीव आहे ती तिसऱ्या लयीत. मालक व रखवालदार हे आरंभापासून ठरीव साचे आहेत. त्यामुळे मारले गेलेले कामगार अखेरीस पुन्हा उभे राहतात, तेव्हा आवेश जाणवतो, समतोल जाणवत नाही. पारड्यात दुसऱ्या बाजूला वजनच टाकलेले नसते. या संदर्भात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या ‘लाल बावटा कलापथका’चे (१९४४) स्मरण होते. अण्णाभाऊंनी तमाशाच्या गणातील गणेशवंदना बदलली, गौळण वगळली. परंतु वगातील विनोद आणि हजरजबाबीपणा जपला. या विनोदामुळे प्रतिपक्षालाही बोलण्याची संधी मिळते आणि त्याचा पराभव प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडतो. तो आधी ठरलेला वाटत नाही.

तथापि पथनाट्याची संहिता ही अखेरची संहिता नसते, हेही ध्यानी घ्यावयास हवे. नोव्हेंबर १९८८ मधील दिल्लीच्या सात दिवसांच्या कामगार-संपाच्या प्रचारासाठी ‘चक्का जाम’ रचले गेले आणि संपानंतर त्यातूनच ‘हल्ला बोल’ घडले. अशा वाङ्मयाचा पहिला समीक्षक म्हणजे रस्त्यावर उभा असलेला श्रोता. तो कंटाळला तर निघून जातो, आणि या कसोटीस उतरण्यासाठी नाट्याला स्वतःला पुनःपुन्हा बदलावे लागते. दुसऱ्या समीक्षकाने, म्हणजे लेखणी हाती असलेल्याने, तेवढाही प्रामाणिकपणा दाखवू नये, हे आश्चर्य होय. झंडापूरच्या प्रयोगाला आदरयुक्त मौन नको आहे. गुणदोषविवेचन हवे आहे. जे नाट्य प्रेक्षकांशी वाद घालण्यासाठीच रस्त्यावर उतरले, त्याच्याशी वाद घालणे हाच त्याचा खरा सन्मान होय.