बेटाचे आकारमान

मॉरिशसविषयीची मराठी प्रवासवर्णने वाचताना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. ती प्रेमाने लिहिलेली असतात; परंतु लेखक बेटावर उतरतो तोच मुळी आपले आप्त शोधण्यास. गणेशोत्सव पाहिला, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकविले जाते हे ऐकले, चार घरी जेवण झाले, की तो कृतार्थ होऊन परततो. रत्नागिरी-सावंतवाडीकडून जे लोक एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर उसाच्या मळ्यांत गेले, त्यांच्या वंशजांविषयी आपणांस जिव्हाळा वाटावा हे उचितच होय. पण त्यांचा देश चालतो कशावर, ह्याची पृच्छा हा लेखक करीत नाही. यजमानाचा जमाखर्च विचारू नये हा शिष्टाचार घरगुती भेटीत शोभतो. ग्रंथात शोभत नाही.

इंग्रजीत ही पृच्छा झालेली आहे, आणि तीही दोन समर्थ लेखण्यांनी. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड ह्यांनी 1961 च्या अहवालात सांगितले, की एकटी साखर, वाढती लोकसंख्या आणि तुटपुंजी जमीन ह्यांमुळे ह्या बेटाचे भवितव्य बिकट आहे. 1972 साली नायपॉल ह्यांच्या लेखसंग्रहात मॉरिशसवरील जो निबंध आला, त्यात तर बेकार तरुणांनी भरलेल्या, पळून जाण्यास उत्सुक अशा एका कोंडवाड्याचे चित्र आहे. नायपॉल स्वतः त्रिनिदाद बेटावर गिरमिटियांच्या वंशात जन्मलेले. म्हणूनच त्यांच्या वाक्यांना धार आहे, आणि म्हणूनच, असे आम्हांस वाटते, त्यांत करुणा कमी आहे. आपल्या घरातील दोष शेजारच्या घरी दिसला की माणूस अधिकच चिडतो.

दोघांचीही भाकिते फसली. क्षेत्रफळाने नंदुरबार जिल्ह्याच्या सुमारे एकतृतीयांश असलेला हा देश बुडाला नाही. ह्याचे कारण लोकांची उद्यमशीलता, असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे चाल आहे. उद्यमशीलता होतीच, 1970 पासून निर्यातीसाठी उभारलेल्या कापड-कारखान्यांत बेटावरच्या स्त्रियांनी जे कष्ट केले त्यांस कोण नाकारील? परंतु खरे भांडवल निराळे होते. 12 मार्च 1968 रोजी हा देश स्वतंत्र झाला आणि करारावर सही करण्याचा अधिकार त्यास मिळाला. 1975 च्या युरोपीय करारान्वये त्याची सुमारे पाच लाख टन साखर दरसाल ठरीव, व बहुधा बाजारभावाहून चढ्या, दराने विकली जाऊ लागली. ही सोय 2009 पर्यंत टिकली. 1982 साली भारताशी करविषयक करार झाला आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या देशात येणाऱ्या परकी भांडवलाच्या यादीत हे चिमुकले बेट अग्रस्थानी झळकले. ते भांडवल मुळात कोणाचे, हा प्रश्न सुज्ञास सांगणे न लगे. 2016 साली त्या करारास मुरड घालण्यात आली.

मीड व नायपॉल ह्या दोघांनी माणसे मोजली, जमीन मोजली. सहीची किंमत मात्र मोजली नाही. ती किंमत केवढी असते हे ज्यांस सही नव्हती त्यांच्या कथेवरून कळते. 1965 साली स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि तीस लाख पौंड दिले. दिएगो गार्सियावर अमेरिकन तळ व्हावा म्हणून 1968 ते 1973 ह्या काळात तेथील नारळाच्या मळ्यांवर राबणारी सारी वस्ती हलविण्यात आली. 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे अवैध ठरविले. 22 मे 2025 रोजी ब्रिटन व मॉरिशस ह्यांच्यात सार्वभौमत्वाविषयी करार झाला. सह्या दोन सरकारांच्या होत्या. चागोसवासी त्यांत पक्षकार नव्हते.

आम्ही हे धडगावात बसून लिहीत आहो, म्हणून ही गोष्ट आम्हांस परकी वाटत नाही. नर्मदेच्या लवादाचा निवाडा 1979 साली झाला. त्यात पक्षकार राज्ये होती, नदीकाठचे पाडे नव्हते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे सरदार सरोवराच्या बुडितात सापडली. 2019 साली जलाशय प्रथमच पूर्ण भरला, तेव्हा डोंगराच्या सोंडेवरील कित्येक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि पायवाटेच्या जागी होडी आली. बेट होण्यास समुद्रच लागतो असे नाही.

मॉरिशसवर पुढचे मराठी पुस्तक लिहिणाराने गणपतीचे दर्शन अवश्य घ्यावे. पण पोर्ट लुईच्या कडेला रोश बोआ म्हणून वस्ती आहे. चागोसहून आणून सोडलेल्यांपैकी अनेकांनी तेथे संसार मांडले. तेथे जाऊन आलेला मराठी प्रवासी आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही.