मॉर्मन पंथ आणि त्याचे टीकाकार

शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धात कॉनन डॉयल वाचकाला लंडनमधून उचलून अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात नेतो. तिथले मॉर्मन एका मुलीला बळजबरीने बहुपत्नीक घरात लोटतात आणि पळू पाहणाऱ्याला रात्री गाठून मारतात. डॉयलने तोवर यूटा पाहिलेही नव्हते. पुढे १९२३ मध्ये तो सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेला, तेव्हा त्याच लोकांनी त्याचे चांगले स्वागत केले. आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांची ‘मॉर्मन’ या शब्दाशी ओळख या कादंबरीत होते आणि तिथेच संपते.

पंथाची हकीकत थोडक्यात अशी. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापले. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ते भाषांतरित केले, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी पंथ स्थापन झाला. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर घालवावे किंवा संपवावे, असा लेखी हुकूम काढला. तो रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. स्मिथला १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून ठार केले आणि १८४७ मध्ये ब्रिगम यंग अनुयायांना घेऊन यूटात पोहोचला. या लोकांविषयी काय लिहिले जाते, यावर त्यांचे जगणे-मरणे अवलंबून होते, हे टीकेचा विचार करताना विसरता येत नाही.

पंथावरचे पहिले मोठे टीकाग्रंथकार म्हणजे ओहायोतले संपादक ई. डी. हाउ. त्यांचे पुस्तक १८३४ सालचे. त्यात दोन प्रकारचा मजकूर एकत्र बांधलेला आहे. एक, स्मिथच्या जुन्या शेजाऱ्यांची निवेदने : हा माणूस एका खड्यात पाहून गाडलेले धन शोधून देतो असे सांगत असे. दुसरा, एक सिद्धान्त : ‘बुक ऑफ मॉर्मन’ हे सॉलोमन स्पॉल्डिंग नावाच्या दिवंगत धर्मोपदेशकाच्या अप्रकाशित कादंबरीवरून चोरलेले आहे. ही दुसरी गोष्ट टीकाकारांना फार आवडली, कारण अर्धशिक्षित शेतकऱ्याच्या पोराने एवढा ग्रंथ रचला हे मान्य करण्यापेक्षा चोरी मानणे सोपे होते. मग १८८४ मध्ये स्पॉल्डिंगचे हस्तलिखित होनोलुलूत सापडले. ती अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या रोमन खलाशांची कथा निघाली आणि तिचे मॉर्मन ग्रंथाशी सांगण्याजोगे नाते दिसेना. सिद्धान्ताचे कैवारी तरीही हटले नाहीत. त्यांनी दुसरे एक हरवलेले हस्तलिखित कल्पिले!

नुकसान झाले ते पहिल्या प्रकारच्या मजकुराचे. शेजाऱ्यांच्या निवेदनांत द्वेष होता, पण तथ्यही होते. १८२६ मध्ये याच धनशोधाच्या प्रकरणावरून स्मिथला न्यायाधीशासमोर उभे केले गेले होते. परंतु ही निवेदने ज्या पुस्तकात होती, त्याच पुस्तकातली चोरीची गोष्ट खोटी ठरली होती. तेव्हा श्रद्धाळूंना सगळेच शत्रूचे कारस्थान म्हणून बाजूला सारता आले. खुद्द पंथाने त्या खड्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले ते २०१५ साली. वाईट टीका टीकाविषयाचे रक्षण करते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इथे जरा वाट वाकडी करून न्यायालयात डोकावले पाहिजे. पंथाने बहुपत्नीत्व १८५२ मध्ये उघडपणे मान्य केले होते. १८७९ च्या रेनल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायदा श्रद्धेला हात लावू शकत नाही, आचाराला लावू शकतो. समर्थनासाठी न्यायमूर्तींनी उदाहरण घेतले ते पतीच्या चितेवर जाळून घेऊ पाहणाऱ्या स्त्रीचे. बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची चाल आहे, असेही निकालात म्हटले आहे. म्हणजे गोऱ्या मॉर्मनांना दोषी ठरवताना त्यांना आधी आपल्या रांगेत आणून बसवले गेले. गंमत अशी की, हेच तत्त्व उलट प्रवास करून मुंबईत आले. हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्यावरील १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी डेव्हिस विरुद्ध बीसन या मॉर्मनविषयक अमेरिकन निकालाचा आधार घेतला. तत्त्व मला योग्यच वाटते; त्याच्यासोबत आलेली तुच्छता मात्र तत्त्वाचा भाग नव्हती.

फॉन ब्रोडी यांचे स्मिथचरित्र १९४५ साली आले आणि टीकेची जात बदलली. ब्रोडी यूटातल्या मॉर्मन घरातल्या; पुढे पंथाचे अध्यक्ष झालेले डेव्हिड मॅके त्यांचे काका. त्यांनी स्मिथला ढोंगी म्हणून निकालात काढले नाही, एक प्रतिभावान माणूस म्हणून वाचले आणि स्पॉल्डिंगचा सिद्धान्त परिशिष्टात स्वतःच मोडून काढला. विरोधकांचे लाडके हत्यार फेकून दिल्यामुळे त्यांच्या उरलेल्या पुराव्याला वजन आले. १९४६ मध्ये त्यांना पंथातून काढले. ह्यू निब्ली यांनी जे उत्तर छापले, त्यात विद्वत्ता आहे, पण थट्टा अधिक आहे.

ब्रोडींची उणीवही सांगितली पाहिजे. पात्राच्या मनात काय चालले होते, हे त्या कादंबरीकाराच्या खात्रीने लिहितात. ऑलिव्हर ब्यूएल हा स्मिथचा मुलगा असावा असे त्यांनी चेहऱ्याच्या साम्यावरून सुचवले. डीएनए चाचणीत ते चूक ठरले. याच लेखिकेने जेफरसनच्या चरित्रात सॅली हेमिंग्जच्या मुलांविषयी केलेल्या तर्काला मात्र १९९८ च्या चाचणीने बळ दिले. अंतःप्रेरणेवर चालणाऱ्या इतिहासकाराचे असेच होते.

अलीकडच्या चित्रणांबद्दल थोडेच लिहितो. जॉन क्राकॉअर यांचे २००३ चे पुस्तक १९८४ मधल्या एका भीषण दुहेरी खुनावर आहे. खून करणारे भाऊ पंथाने आधीच बहिष्कृत केलेले होते, तरी लेखक त्यांच्यापासून सरळ रेषा स्मिथपर्यंत ओढतो. डॉयलची जुनी युक्ती नव्या तळटीपांसह आली, एवढेच. २०११ च्या ब्रॉडवेवरील संगीतिकेत सगळीच थट्टा होती. पंथाने शहाणपणाने तिच्याच कार्यक्रमपत्रिकेत आपल्या ग्रंथाची जाहिरात दिली. नाटकात युगांडातल्या गावकऱ्यांची जी टवाळी आहे, तिला उत्तर देणारी जाहिरात कुणी दिली नाही.

माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ ठरतात त्या ब्रोडी नव्हेत, तर यूटाच्या दक्षिणेकडल्या शिक्षिका वानिटा ब्रुक्स. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी पांढरे निशाण दाखवून, अभय देऊन, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. फक्त लहान मुले वाचली. दोष पायूट आदिवासींवर ढकलला गेला आणि १८७७ मध्ये जॉन ली या एकट्याला देहदंड झाला. ब्रुक्स यांनी १९५० मध्ये हे सगळे कागदोपत्री मांडले. पंथाच्या कचेरीतली काही शपथपत्रे त्यांना पाहू दिली नव्हती. त्यांनी यंगवर कत्तलीच्या हुकमाचा आरोप केला नाही, कारण पुरावा तसा नव्हता. भडक वातावरण तयार करण्याचा आणि नंतर झाकपाक करण्याचा केला, कारण तसा होता. त्यांना बहिष्कृत केले गेले नाही, फक्त टाळले गेले. त्याही शेवटपर्यंत श्रद्धाळू मॉर्मनच राहिल्या.

१९६१ मध्ये पंथाने लीला मरणोत्तर परत घेतले. २००७ मध्ये दीडशेव्या स्मृतिदिनी एका ज्येष्ठ नेत्याने त्याच कुरणात उभे राहून पंथाच्या वतीने खेद व्यक्त केला, आणि पुढच्या वर्षी पंथाच्याच इतिहासकारांनी या कत्तलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या वेळी शपथपत्रे खुली होती. ब्रुक्स १९८९ सालीच वारल्या होत्या.